मिटून राहायला जोर लागत नाही

प्रिय नोल्फा,

आपलं लाकडी घर शनिवारी हलणार, हे आता नक्की. बैलवाले ओर्तेन्सिओकाका काल स्वतः येऊन सांगून गेले. जोड्या पुरेशा मिळाल्यात, घराखाली घालायचे ओंडके उद्या रानातून उतरतील. समुद्र स्वयंपाकघराच्या पायरीला लागलाय. बाबा अख्खं घर ओढून वर टेकडीवर, आईच्या सफरचंदाच्या झाडांपाशी नेणार. आई असेपर्यंत तिनं हेच मागितलं होतं, आणि ते बघायला आता ती नाही.

बाबांचं गावभर फिरून झालं. टोपी हातात धरून प्रत्येक दारात तेच वाक्य, "शनिवारी तुमच्या हातांची गरज आहे." विनवणी आली की इथं कोणी नाही म्हणत नाही, तुला माहीतच आहे.

तू वाल्दिव्हियाच्या कॉलेजातून सुटीला आलीस ते वर्ष मला परत परत आठवतं. जेवताना तू काळा शिंपला हातात घेऊन सांगत होतीस, की मिटताना तो जोर लावतो, पण मिटून राहायला त्याला जवळजवळ काहीच लागत नाही. स्नायूला जणू खिट्टी बसते. ओहोटीत खडकावर तासन्‌तास तसाच राहिला तरी दमत नाही. खिट्टी सोडायलाच आतून वेगळा निरोप यावा लागतो. बाबा म्हणाले, "शिंपला तोंड मिटून राहतो हे शिकायला एवढ्या लांब गेलीस होय? तुझ्या आत्याला शिकव, तिला तेवढंच जमत नाही." आपण सगळे हसलो, तूसुद्धा. मग ते पुढं बोलले, की परत ये आणि शिंपले साफ कर, निदान कोणाच्या पोटात तरी जातील. त्या संध्याकाळी तू आत्याकडे राहायला गेलीस.

आणि बटाटे काढायचे दिवस आले. बाबा आत्याच्या दारात गेले. आत्याला विनवलं, तिच्या नवऱ्याला विनवलं, त्यांच्याकडे उतरलेल्या सुतारालाही विनवलं. तू चुलीपाशी किटली घेऊन उभी होतीस. तुला काहीच न म्हणता ते वळले. तू दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं गेलीस, आणि मलाही तुझंच बरोबर वाटलं होतं.

आई म्हणायची, बाबा आणि तू, दोघं एकाच खडकावरची. मला वाटायचं, एवढी वर्षं अबोला धरून ही माणसं थकत कशी नाहीत. तिच्या अंत्यविधीला तू मागं शेजाऱ्यांत उभी राहिलीस. शवपेटीजवळ बाबांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ती दुसऱ्या कोणाची असेल असं तुला वाटलं असणार.

परवा आम्ही दोर तपासत होतो. मी विचारलं, कोणाला सांगायचं राहिलं का? त्यांनी सगळी घरं मोजली. मी म्हटलं, नोल्फा? ते माझ्याकडे बघतच राहिले. "घरच्यांना कोणी विनवतं का? तिला विनवायचं म्हणजे ती परकी झाली." मग मी त्यांना सांगितलं, की त्या बटाट्यांपासून तू त्याच एका वाक्याची वाट बघते आहेस. त्यांनी हातातला दोर मांडीवर ठेवला. "मी तिला घरची धरली होती गं," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली. उघडलं तर बाहेर बाबा, आपल्याच घराच्या उंबऱ्यापलीकडे, टोपी हातात. म्हणाले, "लिही तिला. शनिवारी तुझ्या हातांची गरज आहे." म्हणून हे पत्र. बोटवाल्याच्या हाती देतेय, उद्या तुला मिळेल. शनिवारी उजाडताच बैल जुंपतील. वर सगळ्यांच्या जेवणाला शिंपले भाजायचा खड्डा खणून झालाय; घर पोचेपर्यंत त्यातले दगड तापतील. ओढताना घरात कोणीतरी आपलंच बसावं लागतं, तुळई करकरली तर खिडकीतून हाक द्यायला. ती जागा बाबांनी अजून कोणाला दिलेली नाही.

तुझीच,
एदुलिया