दादांच्या कानाचं यंत्र

ताई,

तू नळावर गेली आहेस आणि माझी कळवणची एसटी सुटायला आलीय, म्हणून लिहून ठेवतो.

कारखान्यातल्या प्रेसच्या धडधडीनं दादांचे कान गेले, म्हणून मी यंत्रात फिल्टर घातला. घरघर अडावी, बोलणं तेवढं कानात जावं. कितीदा आयसी बदलला, कपॅसिटर बदलले. दर वेळी दादा म्हणायचे, "आता झकास येतंय रे, सिद्धू."

आज सकाळी ते यंत्र लावून खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी मागून विचारलं, "दादा, चहा घेणार?" उत्तर नाही. ओरडलो, तरी नाही. मग समोर गेलो आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. दादा हसले. "घेतो की! किती स्पष्ट येतंय बघ."

यंत्र बरोबर चालतंय, ताई. माझ्या कानाला लावून पाहिलं. पण आतली नसच गेली असेल तर मी कुठला फिल्टर लावू?

त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस. समोर बसून सावकाश बोलत जा. आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत दिवा लाव.

सिद्धू