डाव्या नळीचा दाखला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा बंदूक दुरुस्ती आणि जुन्या हत्यारांची तपासणी, हे मृत्युपत्र माझ्या कारखान्याच्या पुढल्या खोलीत बसून माझ्या हाताने लिहिते. बुद्धी शाबूत आहे. डोळे चष्म्यासह ठीक आहेत. कानांबद्दल पुढे कलम पाचमध्ये लिहिले आहे, ते कोणी गाळू नये. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असते तर हा कागद एकोणीस वर्षांपूर्वीच झाला असता. याआधी केलेले मृत्युपत्र मी फाडले आहे. त्यात खोटे काही नव्हते, पण खरेही नव्हते.

कलम १. व्यवस्था पाहण्याचे काम मी माझ्या पुतणीवर सोपवते. ती शिलाई मशीन दुरुस्त करते. तिचा हात हलका आहे आणि तिला घाई नसते, हे दोन्ही गुण आमच्या घरात एकाच माणसात प्रथमच आले आहेत.

कलम २. घर, म्हणजे पुढली खोली, मागची खोली, माळा आणि कारखाना, हे सर्व माझ्या पश्चात पुतणीचे. माळ्यावर जाणारी शिडी तिसऱ्या पायरीवर दगा देते. तिने कारखाना चालवावा अशी सक्ती नाही. बंदुकीचे काम करायचे नसेल तर लोखंड पकडून धरणाऱ्या वाइसच्या बाकावर तिची मशीने ठेवावीत. बाक मजबूत आहे, मशीनला आणि बंदुकीला त्याने भेदभाव केलेला नाही.

कलम ३. हत्यारे दोन, दोन्ही परवान्याची, लोखंडी कपाटात. एक वडिलांची दुनळी बंदूक, दुसरे माझे रिव्हॉल्व्हर, तेही वापरलेलेच घेतले होते. मी गेल्यावर पुतणीने ती ताबडतोब ठाण्यात जमा करावी आणि पोच घ्यावी. उचलण्याआधी दोन्ही रिकामी आहेत ना हे स्वतः पाहावे. आत्याने लिहून ठेवले आहे म्हणून रिकामी धरू नयेत.

नंतर ती कोणाला विकायची झाली तर गिऱ्हाईक कसे बघते यावर लक्ष ठेवावे. जो आधी चमक बघतो त्याला देऊ नये. जो स्क्रूच्या खाचा बघतो त्याला द्यावे. खाचा खरवडलेल्या असल्या तर आत कुणीतरी अडाणी हात घालून गेलेला असतो. दुनळी मिटवून उजेडाकडे धरावी, सांध्यातून उजेड दिसता कामा नये. दस्त्याचे लाकूड चापाच्या मागे तडकलेले नाही ना, तेल पिऊन मऊ झालेले नाही ना, ते नखाने पाहावे. म्हणूनच ती बंदूक मी तोंड खाली करून ठेवते, म्हणजे तेल लाकडात उतरत नाही. रिव्हॉल्व्हरचा घोडा, अर्थात रिकामे असताना, चढवून मागून अंगठ्याने ढकलावा. चाप न दाबता पडला तर ते हत्यार नव्हे, अपघात आहे. गोळ्यांचे चक्र प्रत्येक घराला नळीसमोर नेमके थांबले पाहिजे, डुगडुगता कामा नये. हे सगळे मला वडिलांनी शिकवले. मी ते चाळीस वर्षे पाळले आणि एकदा पाळले नाही.

कलम ४. बाजारात जुनी हत्यारे विकणारा दलाल, ज्याला आम्ही सगळे चकाकी म्हणतो, त्याला माझी पॉलिशची अर्धी डबी द्यावी. त्याने आयुष्यभर गंजावर पॉलिश चढवून माल विकला आणि नक्षीच्या कडा बोथट केल्या, तेव्हा त्याला ती उपयोगी पडेल. माझ्या अंत्यविधीला तो आला तर येऊ द्यावे, पण त्याला बोलायला सांगू नये, तो थांबत नाही. पुढच्या कलमातली बंदूक त्याच्याकडचीच होती. तरीही त्या बाबतीत दोष त्याचा नाही. त्याचा धंदा फसवण्याचा होता. पकडण्याचा धंदा माझा होता.

कलम ५. हे कलम कोणत्याही मालमत्तेबद्दल नाही. सल्ला देणाऱ्या वकिलांनी ते वेगळ्या कागदावर लिहा असे सुचवले. मी नाही म्हटले. वेगळे कागद हरवतात.

वडील गेल्यावर कारखाना मी आणि माझा धाकटा भाऊ चालवत होतो. हत्यारे मी तपासायची, मागच्या खोलीत काडतुसे त्याने भरायची. त्याचा तराजू इतका नाजूक होता की तो मोजताना मी दार लोटूनही घेत नसे, वाऱ्याने पारडे हलेल म्हणून. त्याच्या हातून कधी दाणाभर दारू इकडची तिकडे झाली नाही.

जुन्या दुनळीच्या दोन नळ्या मधल्या पट्टीला कथलाने झाळून जोडलेल्या असतात. ती झाळ शाबूत आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, ते ऐकावे लागते. नळ्या दोरीला टांगायच्या आणि लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारायची. झाळ धड असेल तर नळ्या भांड्यासारख्या घुमतात. पट्टी सुटली असेल तर बद्द वाजतात, आणि मग समजायचे की पट्टीखाली पाणी जाते आहे आणि तिथे नळी आपल्या नजरेआड बाहेरून गंजते आहे.

मला तो आवाज ऐकू येईनासा झाला होता. तीस वर्षे चाचणीचे बार काढून माझा उजवा कान गेला आणि डावा अर्धा गेला. हे मी कोणाला सांगितले नाही. बाईमाणसाने बंदुका तपासायच्या म्हणून आधीच दहा जणांच्या भुवया वर होत्या. त्यात बहिरी म्हटल्यावर दारात कोण उभे राहिले असते? मी टिचकी मारायचे, मान डोलवायचे आणि बाकीच्या खुणांवरून ठरवायचे. दोन वर्षे तसे निभावले.

गावाबाहेर ज्याची फळबाग आहे तो बागवाला, तेव्हा चाळिशीचा, चकाकीकडून घ्यायची ठरवलेली एक जुनी दुनळी घेऊन आला. डुकरे झाडांच्या मुळाशी उकरत होती म्हणून त्याला ती हवी होती. सांधा घट्ट होता, घोडे नीट होते, तोंडाशी नळ्यांची जाडी पुरेशी होती. मी नळ्या टांगल्या, टिचकी मारली आणि मान डोलवली. तेवढ्यात भाऊ हातातले काम टाकून दारात आला. मी त्याचे ओठ वाचले.

"ताई, जरा बद्द वाटतंय. पट्टी उघडून बघ ना."

मी म्हणाले, "तू दारू मोज. नळ्या मी बघते."

तो परत जाऊन तराजूपाशी बसला. मी दाखला लिहिला: वापरण्यास योग्य. बागवाल्याने बंदूक घेतली आणि भावाने भरलेली काडतुसेही घेतली.

तिसऱ्या दिवशी बागेत डावी नळी फुटली, नेमकी जिथे डाव्या हाताने धरतात तिथे. त्याचा डावा हात मनगटापासून गेला.

चौकशीला अधिकारी आले. उरलेली काडतुसे कापून दारू तोलली, ती सगळी बरोबर भरली. अधिकारी म्हणाले, ही ठीक आहेत, पण जे फुटले ते आता कोण मोजणार? तेव्हा माझ्या भावाने आपणहून सांगितले की त्या दिवशी काडतुसे भरताना तो मध्येच एकदा उठला होता, परत बसल्यावर कदाचित एकात दोनदा दारू पडली असेल. कशासाठी उठला होता ते त्याने सांगितले नाही. मला बद्द आवाजाचे सांगायला उठला होता. मी समोर बसले होते. मीही सांगितले नाही.

फुटलेली बंदूक अहवालासाठी माझ्याकडेच आली, कारण या कामातले जाणते माणूस दुसरे नव्हते. मी दार लावून पट्टी उघडली. खाली नळी वर्षानुवर्षांच्या गंजाने कागदासारखी झाली होती. लहान पोरालाही कळले असते. मी अहवालात लिहिले: "दारूचा दाब प्रमाणाबाहेर गेल्याने नळी फुटल्याचे दिसते." सही केली. ती नेहमीसारखीच वळणदार आली, हे मला आजही आठवते आणि आवडत नाही.

भावाचा काडतुसे भरण्याचा परवाना गेला. त्याने तक्रार केली नाही. तो एका गोदामात राखणदार झाला, कारण तिथे काही मोजावे लागत नाही. भावजय मला एकदा म्हणाली की चहात साखर तो स्वतः घालत नाही, दोनदा पडेल म्हणून. आणि या एकोणीस वर्षांत, आजारपण सोडले तर, दर रविवारी तो त्या बागेत जातो. ज्या कामांना दोन हात लागतात ती कामे करतो: फांद्या छाटणे, खोकी बांधणे, शिडी धरणे. पहिली दोन वर्षे बागवाला त्याच्याशी बोलत नव्हता. आता दोघे एकत्र जेवतात असे ऐकते. माझ्याशी मात्र बागवाला रस्त्यात अदबीने बोलतो. म्हणतो, तुम्ही तपासून दिली होती हो, तुमचा काय दोष.

या वर्षी हृदयाने इशारा दिला म्हणून तपासण्या झाल्या, त्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंनी माझे कान तपासले. कागदावरची रेघ बघून त्या म्हणाल्या की हे नुकसान वीस वर्षांहून जुने आहे, मग तुम्ही हे काम केले कसे? आजवर तो प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तिथेच खुर्चीत बसून सगळे सांगितले. त्याच या कागदाच्या पहिल्या साक्षीदार आहेत.

म्हणून मी जाहीर करते की दाखला चुकीचा होता आणि अहवाल खोटा होता, आणि दोन्ही माझे होते. फुटलेल्या नळीचा मी तेव्हाच कापून ठेवलेला तुकडा कपाटाच्या खालच्या खणात, फडक्यात आहे. तो या कागदासोबत चौकशीच्या कचेरीत द्यावा आणि माझ्या भावावरचा ठपका पुसण्याची मागणी करावी.

कलम ६. बँकेतली ठेव बागवाल्याला द्यावी. ती हाताची भरपाई नाही; हाताला भरपाई नसते.

कलम ७. अवजारे पुतणीला. स्क्रूड्रायव्हर एकूण बावीस आहेत आणि प्रत्येक मी एकेका खाचेसाठी घासून बेतलेला आहे. त्यांनी रंगाचे डबे उघडू नयेत. कानशी तारेच्या ब्रशने साफ कराव्यात, एकमेकींवर टाकू नयेत. शेजारच्या लेथवाल्याने नेलेली मायक्रोमीटरची पेटी मागून घ्यावी. तो आपलीच आहे म्हणेल. झाकणाच्या आतल्या बाजूला माझे अक्षर आहे.

कलम ८. माझ्या धाकट्या भावाला मी या कागदाने काहीही ठेवत नाही. कारण असे की तो दुसरा साक्षीदार व्हावा अशी माझी इच्छा आहे, आणि वकील सांगतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही. खरे सांगायचे तर साक्षीदाराने आतला मजकूर वाचलाच पाहिजे असेही नसते. पण त्याने तो वाचावा असे मला वाटत होते. समोर बसून सांगण्याचे धैर्य नव्हते म्हणून ही युक्ती काढली. एवढेही लिहूनच सांगते आहे, यावरून माझी ओळख पटावी.

कलम ९. हे कलम सकाळच्या बैठकीनंतर वाढवले आहे.

डॉक्टरीणबाई आणि भाऊ दोघे अकराला आले. बाईंच्या समोर मी सही केली, बाईंनी त्यांची केली. मग मी भावाला म्हटले, आधी वाच. त्याने बोट ठेवून, एकेक ओळ वाचली. चकाकीच्या कलमाला थोडा हसलाही. पाचव्या कलमापाशी तो थांबला, पान उलटून मागे गेला आणि ते पुन्हा पहिल्यापासून वाचले. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघण्याचे टाळत होते, पण न बघता मला ऐकू येत नाही.

तो म्हणाला, "म्हणजे माझं माप बरोबर होतं."

मी म्हणाले, "हो. बरोबर होतं."

तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. तो ओरडेल, कागद फाडेल, मला हवे ते बोलेल असे मला वाटले होते, आणि त्यापैकी काहीही झाले असते तर मला बरे वाटले असते. त्याने फक्त विचारले की बागवाल्याला हे कोण सांगणार. मी म्हटले, हा कागद सांगेल, माझ्या पश्चात.

त्याने पेनाला टोपण लावले.

"मेल्यावर नाही, ताई. उद्या रविवार आहे. मी आठला गाडी घेऊन येतो. तू चल आणि तुझ्या तोंडाने त्याला सांग. सही मी मग करीन."

तो चहा न घेता गेला. डॉक्टरीणबाईंनी जाताना माझी नाडी पाहिली आणि उद्या गोळी चुकवू नका एवढेच सांगितले.

मी जाणार आहे. काय बोलायचे ते अजून जुळत नाही. पहिले वाक्य तीनदा लिहिले आणि खोडले. भीती वाटते आहे. बागवाल्याची नाही, तो अदबीने ऐकून घेईल याची.

शेवटची सूचना. उद्या आठच्या आत माझे काही बरेवाईट झाले, तर दुसरी सही नसल्याने हा कागद कायद्याने टिकणार नाही. मग घराचे, ठेवीचे, अवजारांचे जे व्हायचे ते होवो, पण कलम पाच तेवढे बागवाल्याला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि वाचताना माझा भाऊ तिथे हजर असावा.

ठिकाण: कारखान्याची पुढली खोली.
दिनांक: महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी दोन वाजता.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला: कानाच्या डॉक्टरीणबाई. (सही)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, व्यवसाय राखणदारी, पूर्वी काडतुसे भरणारा, माप अचूक.
(सहीची जागा सोडली आहे.)