रविवारी दहाचा फोन

सोमवार, ३ जून

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि. यातला पहिला 'वि.' विनंतीचा असतो. या वेळी तो हुकुमाचा समज.

आपल्या फार्मसीच्या वर्गाला बेचाळीस वर्षं झाली. चौतिसांपैकी चालते-फिरते उरले एकोणीस, त्यातले तेरा येतो म्हणालेत. त्यांना एका छताखाली आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पडलं कसलं, तूच ओढून घेतलंस, असं तू मनात म्हणशील. म्हण. कॉलेजात मला 'मॉनिटर' म्हणायचात ते काय उगाच?

मेळावा आपल्या वर्गातल्या बासरीच्या घरी ठरलाय, शनिवारी २२ तारखेला. तिच्याशी माझं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला फोनवर वीस मिनिटं बोलणं होतं. बाकीचे फोन उचलला की गुडघ्यांचं पुराण लावतात. ही शांतपणे ऐकून घेते. तुझ्याकडे जमलो तर चालेल का विचारलं, तर हो गं म्हणाली. तेरा जण येताहेत म्हटलं, तर बरं झालं म्हणाली. इतकं मोठं मन हल्ली बघायला मिळत नाही.

फक्त जिन्याला कठडा आहे का, याचं उत्तर काही मिळालं नाही. दोघांच्या हातात काठी आलीय. तू त्याच गावात राहतेस आणि चार वर्षांत तिच्याकडे फिरकली नाहीस. जाऊन जिना बघून ये.

लोभ आहेच, तो जरा कामाला लाव.
तुझी नणंद

*

शनिवार, ८ जून

प्रिय वन्सं,
पत्रात तुला अगं-तुगं केलेलं सासूबाईंना चाललं नसतं, पण आपण आधी मैत्रिणी आणि मग नणंद-भावजय, हे त्यांनाही माहीत होतं.

जिन्याला कठडा आहे. आता बस आणि पुढचं वाच.

बेल वाजवून वाजवून माझं बोट दुखलं. शेवटी तुझ्या दादाने खिडकीसमोर उभं राहून हात हलवले, तेव्हा दार उघडलं. बासरी बारीक झालीय, पण टापटीप तीच. मेळाव्याची तयारी कुठवर आली, असं मी विचारलं. ती म्हणाली, साखर घालत नाही हल्ली. घरात तेरा माणसं मावतील का, विचारलं. ती म्हणाली, थोरला मार्चमध्ये येऊन गेला. दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे.

वन्सं, तिला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही. अजिबात. मशीन लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. तिनेच हसत वही-पेन आणून पुढ्यात ठेवलं, मग आम्ही लिहून बोललो. फोन आला की तिच्याकडे लाल दिवा लागतो. रविवारी दहाला लागला की तूच. मग ती घड्याळ बघून अधूनमधून हो गं, असं का, बरं झालं म्हणते आणि दिवा विझला की ठेवते. दोन वर्षांत तुझ्या लक्षात आलं नाही, याचं तिला नवल वाटत नाही. मला तर मुळीच नाही.

मेळाव्याचं तिला आमच्याकडूनच कळलं. आधी दचकली, मग खुर्च्या मोजायला लागली.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी वहिनी

*

मंगळवार, ११ जून

प्रिय वहिनी,
नमस्कार. रागावले नाही. रागावायला तोंड कुठे आहे?

तुला एक सांगायचं राहिलंय. एप्रिलमध्ये मला छातीत गाठ लागली. दादाला सांगितलं असतं तर तो रडत बसला असता, तुला सांगितलं असतं तर बॅग भरून आली असतीस. म्हणून मे महिन्यात एकट्या बासरीला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं. मला वाटलं, केवढी ही समज! आपणही असंच घ्यावं. त्या धिरावर मी दुसऱ्या दिवशी तपासणीला गेले. नाहीतर महिनाभर तरी गेले असते की नाही, देव जाणे.

शस्त्रक्रिया जुलैत होती, म्हणून त्याआधी सगळ्यांना एकदा डोळे भरून पाहायचा घाट घातला. काल डॉक्टरांनी ती २१ तारखेवर आणली. म्हणजे मेळाव्याला मॉनिटरच गैरहजर. तू यायचं नाहीस, तेरा जणांना कोण बघेल? मी एकटी निभावून नेईन, आजवर नेलंच आहे.

लोभ ठेव, काळजी ठेवू नकोस.
मॉनिटर

*

शुक्रवार, १४ जून

प्रिय मॉनिटर,
नमस्कार. वहिनीने तुझं पत्र मला वाचायला दिलं. तिला ओरडू नकोस. ओरडायचंच असेल तर मला ओरड, फुकट जाईल.

सांगितलं का नाही, असं वाटत असेल. पहिल्यांदा लाजेने. मग असं झालं, की वर्गातल्या बाकीच्यांचे फोन एकेक करून बंद झाले आणि तुझा तेवढा राहिला. ऐकू येत नाही म्हटलं असतं तर तोही थांबला असता. रिसीव्हर कानाला लावला की तुझ्या आवाजाची बारीक थरथर लागते. हसलीस की जास्त. मे महिन्यात ती मधेच थांबली होती. मला वाटलं, फोन बिघडला. ते माझं मला सलतंय.

मी येतेय. गुरुवारी दुपारी चारला बसमधून उतरेन. तू नको म्हणशील, तर ते फोनवर म्हण. घराची किल्ली वहिनीकडे दिलीय, खुर्च्या शेजारून आणल्यात, तेरा जण बसतील. यजमानीणच नाही म्हणून कुणाचं अडत नाही, उलट माझ्याविषयी मोकळेपणी बोलता येईल.

दवाखान्यात तसंही पेशंटशी बोलायची मनाई असते, तिथे मी शोभेन. डॉक्टर काय सांगतात ते तू ऐक. कागदावर काय लिहितात ते मी वाचीन. औषधांच्या खिडकीमागे बसून चाळीस वर्षं त्यांचं अक्षर लावलंय. ते खोटं बोलले तर मला लगेच कळेल, आणि मी तुला खरं सांगेन.

लोभ आहे, हे आता लेखी देते.
तुझी,
बासरी