पट्टा की बायपास

बोरगाव मेघे, २००७

वच्छले,

नागपूरच्या डॉक्टरनं तुहं वजन उतरवाले दोन ऑपरेशनं सांगितली होती. जठराले पट्टा बांधला तं पुढं काढता येते. जठर लहान करून आतड्याले जोडायच्या बायपासनं वजन जास्त उतरते, पण मंग जनमभर थोडंच खायचं. तू म्हणे, "पट्टाच बरा. आपल्या प्रेरणाच्या लग्नाआधी काढून टाकू, मी पोटभर जेवीन." मी बायपासवर अडून बसलो. आपलं भांडण सुरूच होतं, अन् तुहं काळीज बंद पडलं.

आज धाम नदीच्या काठावर तुहा दहावा केला. पिंडाले कावळा शिवेना. तुहा भाऊ म्हणे, "पोरीचं लग्न नीट करतो म्हणा." म्हटलं. तरी नाई.

मंग म्या हळूच म्हटलं, "ऑपरेशन नाई करत, वच्छले. पोटभर जेव."

कावळा उतरला.

तुह्या ताटावर नजर ठेवणारा,
रूपराव