राजाची शेगडी आणि माझा कागद

प्रिय आबा,

तुम्ही गेल्यापासून दोन वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण आज माझा कागद जाळला. खरंच! चहावाल्याच्या भट्टीत, माझ्या डोळ्यांदेखत. असा राग आलाय म्हणून सांगू!

झालं असं. माझ्या आरोग्य उपकेंद्राच्या गावात आठवडाभर पोरांना जुलाब. दोघांना तर सलाइन लावून धुळ्याला हलवलं. टाकीचं पाणी तपासायला पाठवलं, शेरा आला, 'पिण्यास अयोग्य'. पाइप गटारातच फुटलाय, आबा! मी ड्रॉइंग शीटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'टाकीचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका', आणि पंचायतीच्या फळ्यावर लावलं.

सरपंच आले, वाचलं, टराटरा फाडलं. "बाई, आठ दिनमा जत्रा शे. तू बठ्ठा गावनी बदनामी करी ऱ्हायनी!" साऱ्या गावाची बदनामी म्हणे! तुकडे भट्टीत टाकले. वर बदलीची धमकी.

आणि मला काय आठवावं? तुमची चर्चमधली रविवारची शाळा! दर वर्षी तुम्ही बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट सांगायचात आणि घरून पेटती शेगडी आणायचात. यिर्मया देवाचं म्हणणं सांगतोय, त्याचा लेखनिक बारूख लिहून घेतोय, आणि राजा ते चाकूनं कापून शेगडीत टाकतोय. तुम्ही राजा होऊन कागद टाकायचात नि विचारायचात, "राजानं जाळलं. आता?" आम्ही बोंबलायचो, "परत लिहायचं!"

एका वर्षी मात्र कोऱ्या कागदाऐवजी माझा स्पर्धेचा निबंध टाकलात! आठवतं? चष्मा घरी विसरला होतात. मी चर्चभर भोकाड पसरलं. तुम्ही शेगडीत हात घातलात, बोटं पोळली, कागद गेला तो गेलाच. मग माझ्याशेजारी सतरंजीवर बसून म्हणालात, "रडू नको व माय. परत लिख. यिर्मयानी दुसऱ्यांदा जास्तीचं लिखं व्हतं." मी लिहिलं, दीड पान जास्त. बक्षीस नाही मिळालं ते सोडा.

पण एक विचारू? रागावू नका. तुम्ही मास्तर होतात त्या शाळेच्या तडकलेल्या भिंतीबद्दल अर्ज लिहिला होतात, हेडमास्तरांनी तो परत केला. तुम्ही परत का नाही लिहिलात, आबा? भिंत रविवारी पडली म्हणून पोरं वाचली. तो अर्ज तुमच्या पेटीत मिळाला मला, घडी घालून ठेवलेला. तुम्ही तो लिहिलात तेव्हा माझी बारावी होती. बदली झाली तर माझं काय, म्हणून गप्प बसलात ना? माझ्यासाठी कशाला घाबरलात हो! खूप वाईट वाटलं मला. तुमच्यासाठीच वाटलं.

आता माझी सोनल बारावीला आहे. काय गंमत आहे बघा! दुपारी तिला म्हटलं, "माझी बदली झाली तर?" ती म्हणाली, "तर तिथून पेपर देईन. आई, तुझ्याकडे शीट उरलीये का?" तुमचीच नात.

तर लिहिलंय परत. या खेपेला जास्तीचं. पाइप कुठे फुटलाय, कोणती पोरं दवाखान्यात आहेत, पहिला कागद कुणी फाडला आणि कुणाकुणासमोर. खाली माझी सही. एक प्रत तालुक्याला, एक जिल्ह्याला. आणि संध्याकाळी लाल रंगाचा डबा घेऊन आम्ही मायलेकी टाकीवर गेलो. मी टाकीच्या भिंतीवरच तीच ओळ लिहीत होते, सोनल शिडी धरून होती. पाण्याला आलेल्या बाया आधी नुसत्या बघत राहिल्या. मग आजारी पोराची एक आजी पुढे आली नि म्हणाली, "अजून मोठं लिख व, माले चश्मा बिगर दिसाले पाहिजे."

लिहिलं. हातभर एकेक अक्षर.

आबा, शब्द देते. पुसलं तर परत लिहीन. बदली केली तर जिथे पाठवतील तिथल्या टाकीचं पाणीही तपासीन. तुमचा तो अर्ज आता पेटीत नाही, माझ्या पर्समध्ये आहे. आणि आता येऊ द्या राजाला, टाकी कुठल्या शेगडीत घालतो ते बघतेच!

तुमची रडकी पोर,
सुवार्ता