सुमीचं भेटकार्ड

गुरुवार, १५ ऑक्टोबर १९९८

सहामाही संपली. सुमीच्या शाळेत दिवाळीचा कार्यक्रम होता. आई झेंडू विकायला द्वारकेच्या चौकात गेलेली, म्हणून मी गेलो. मुलांनी केलेले आकाशकंदील आणि भेटकार्डं वर्गात टांगली होती. सुमीच्या भेटकार्डाचा पहिला नंबर आला. बाई म्हणाल्या, "सुमन, वाचून दाखव."

ती वाचेना. तिसरीतली मुलगी, चारच ओळी.

"अगं, तूच लिहिलंस ना? वाच की!"

मागून एक पोरगा ओरडला, "तिला येतच नाय, बाई!" सगळी हसली. सुमी माझ्याकडे बघत राहिली.

ते मी लिहिलं होतं. जूनपासून तिचा गृहपाठही मीच लिहितो. वही नीटनेटकी दिसावी म्हणून, असं आईला सांगतो. खरं म्हणजे लाल शाईतला तो 'छान' मलाच हवा असतो. सातवीत शाळा सुटेपर्यंत मला एकदाही मिळाला नव्हता.

बाईंना तिथेच सांगायला हवं होतं. त्यांनी बक्षीस दिलं आणि मी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या? सुमी तेव्हाही माझ्याकडेच बघत होती.

येताना तिने विचारलं, "दादा, सुट्टीचा अभ्यासपण तूच लिहिशील ना?"

मी हो म्हणालो.