पाचव्या सामन्यातला एक डाव

कॉलेज वसतिगृह,
रविवार, २२ सप्टेंबर

प्रिय केझिया,
तू आता लष्करात, म्हणून आधी कडक सलाम, मग वि. वि.

तिथे फोन काढून घेतात आणि पत्रच लिहावं लागतं, हे बरंच झालं. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. बूट अजून चावतात का? तुझी ती सार्जंटबाई दिवसभर तुझ्यावर ओरडते, हे वाचून मी इतका हसलो की खोलीतल्या मुलाने विचारलं, लॉटरी लागली का. एकवीस वर्षं तू माझ्यावर ओरडलीस. देव बघत असतो, बरं.

आता मुद्द्याचं. काल फुटबॉलचा चौथा सामना झाला, आणि पैशांचा अजून पत्ता नाही. उन्हाळ्यात कोच ब्रँट आपल्या घरी आला होता, आठवतं? आजोबांनी तळलेले मासे चार वेळा वाढून घेतले आणि म्हणाला, जार्विस दुसऱ्या कॉलेजात गेला नाही तर त्याचं नाव आणि चेहरा जाहिरातीत वापरायचे तीस हजार डॉलर आमचे देणगीदार देतील. तू म्हणालीस, कागद करा. आजोबा म्हणाले, आपल्या टेबलावर जेवलेल्या माणसाकडे कागद मागायचा नसतो. आजवर मिळाले ते दोन हजार आणि टायरच्या दुकानाची एक टोपी. हमरस्त्यावर त्या दुकानाच्या फलकावर मात्र मी वीस फुटी उभा आहे, दोन्ही खांद्यांवर टायर. कोच म्हणतो देणगीदारांना विचार, देणगीदार म्हणतात कोचला विचार. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी!

म्हणून ठरवलंय, संघ सोडायचा. नियम तुला माहीत आहे. कॉलेजकडून खेळायला वर्षं मोजकीच मिळतात, पण वर्षात चारच सामने खेळलो तर ते खर्ची पडत नाही, पुढच्या वर्षी दुसरीकडे खेळता येतं. पाचव्या सामन्यात एका डावापुरता, चार-सहा सेकंद जरी उतरलो, तरी वर्ष संपलं. आणि माझं हे शेवटचंच. आजोबांना यातलं काही लिहू नकोस, शपथ आहे. अर्ध्यात सोडणं म्हटलं की त्यांचा रक्तदाब चढतो. मीच सांगेन, निवांत.

सार्जंटबाईवरचा राग माझ्यावर काढू नयेस, एवढी कृपा ठेव.
तुझा भाऊ, एक वर्ष शिल्लक असलेला,
जार्विस


हॅडली क्रीक, जॉर्जिया,
बुधवार, २५ सप्टेंबर

चि. जार्विस यास आजोबाचे अ. उ. आ.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू गिळतोस, म्हणून लिहितो. न्हाव्याकडे कळलं की तू पैशांवरून रुसलास आणि आता खेळणार नाहीस. माझ्या घरातली गोष्ट मला न्हाव्याने सांगावी, तीही अर्धी दाढी झालेली असताना! उठून जायचीसुद्धा सोय नाही.

पैसे मिळाले नाहीत, हे वाईटच. पण बाळा, मी खेळायचो तेव्हा दोन वेळचं जेवण मिळायचं, आणि गुडघा गेला तो कायमचा. तरी हंगाम अर्धा टाकून घरी आलो नाही. पुढे कोंबड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं उभा राहिलो. तुमची आई गेली त्या आठवड्यातही कामाची पाळी चुकवली नाही. आपल्या घराण्यात दुसरं काय आहे? सुरू केलं ते संपवलं, एवढंच.

पाच तारखेच्या शनिवारी माजी विद्यार्थी जमतात तो मोठा सामना ना? मी चर्चची बस ठरवली आहे. एक्केचाळीस माणसं येतायत. आपल्या चर्चची सिस्टर ओडेसा चौऱ्याऐंशीची, तिला पायऱ्या चढवत नाहीत, तीही येते म्हणते. बायकांनी तुझा नंबर छापलेले सदरे करून घेतलेत. आता या सगळ्यांना मी काय सांगू? हा एक सामना खेळ. पुढे तुला हवं ते कर, मी अडवणार नाही.

उकडलेले शेंगदाणे आणतो. म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
ओथा मॅब्री


प्रशिक्षण तळ,
मंगळवार, १ ऑक्टोबर

चि. जार्विस यास अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझं पत्र आणि आजोबांचं बसबद्दलचं पत्र, दोन्ही आजच हातात पडली. इथे कागद आधी सार्जंटबाईच्या टेबलावर मुरत पडतात. तिने तुझं पत्र उघडून वाचलं नाही, एवढंच नशीब.

ऐक. शनिवारी संघाचा सदरा अंगात घालूच नकोस. बसपाशी जा, आजोबांना मिठी मार आणि त्यांच्या शेजारी प्रेक्षकांत बसून शेंगदाणे खा. पाय मुरगळला म्हण, ताप आला म्हण. पाप माझ्या नावावर. पण मैदानाच्या त्या पांढऱ्या रेषेजवळही फिरकू नकोस. कोच ब्रँट मासे खाताना काटे कसे बाजूला काढत होता, ते मी बघत होते. तो माणूस काही वाया घालवत नाही.

आणि आजोबांना नियम सांग रे. ताकाला जाऊन भांडं काय लपवतोस? मीच लिहिलं असतं, पण तू शपथ घातलीस. ते चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, तिसऱ्या दिवशी मक्याचा पाव भाजून बोलावतील.

हे पत्र वेळेत पोचो. माझं ऐकशील, तर तुझ्यावर आणखी एकवीस वर्षं ओरडेन.
तुझी,
केझिया


कॉलेज वसतिगृह,
रविवार, ६ ऑक्टोबर

केझिया,
सलाम आज राहू दे. वर्ष गेलं.

सोमवारी मी कोचकडे संघ सोडायला गेलोच होतो. तो शांतपणे म्हणाला, शनिवारी तुझ्या गावची माणसं येतायत, म्हाताऱ्याला खाली बघायला लावू नकोस. नुसता सदरा चढवून रेषेबाहेर उभा राहा, आत पाठवत नाही. मला ती माणुसकी वाटली. मूर्ख मी.

सामना आम्ही केव्हाच हरलो होतो. दोन मिनिटं उरली तेव्हा कोचने माझ्याकडे बोट केलं. मी मान हलवून नाही म्हटलं. तेवढ्यात वरून आपली माणसं माझं नाव घेत टाळ्या वाजवायला लागली. मी वर बघितलं. आजोबा तसल्या गुडघ्यावर उभे, टोपी हातात, आणि रडत होते गं. पुढे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. पाय निघाले. वीस पावलं पळालो आणि परत आलो. चेंडू माझ्या बाजूला आलासुद्धा नाही.

बसजवळ त्यांनी मला इतकं घट्ट धरलं की सांगवेना. शेंगदाण्यांची पिशवी दिली. खोलीवर येऊन ते सगळे खाल्ले आणि मग रडलो. मला कुणी ढकललं नव्हतं. दोष माझाच.

सोमवार. तुझं पत्र आत्ता आलं. सकाळीच मी संघ सोडून आलो, त्या माणसासाठी आता एक पाऊलही पळायचं नाही. कोचने कारणसुद्धा विचारलं नाही, आणि दुपारी बातमी, मॅब्रीने हंगामाच्या मध्यावर सोबत्यांना वाऱ्यावर सोडलं. आजोबांना मी सगळं लिहितोय, नियमासकट. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, असंही.

रागावशील तेवढं थोडंच, पण लिहीत राहा.
जार्विस


हॅडली क्रीक,
शुक्रवार, ११ ऑक्टोबर

चि. केझिया हिला आजोबाचे अ. उ. आ.

जार्विसचं पत्र तीनदा वाचलं. नियम मला आज कळला. तो लिहितो, चूक माझी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पोरी, आता जे लिहितो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या शनिवारी बस पोचल्यावर मी हात धुवून येतो असं सांगून कोचच्या दाराशी गेलो. हातात सिस्टर ओडेसाने भाजलेली रताळ्याची गोड पाई होती. त्याला म्हटलं, एवढी माणसं आली आहेत, पोराला एक डाव तरी दे. तो हसला, पाई घेतली आणि माझं चर्चमधलं पद घेऊन म्हणाला, डीकनसाहेब, खास तुमच्यासाठी काढतो एक डाव. मी त्याचा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले. हसला तेव्हा त्याला नियम माहीत होता, केझिया. मला नव्हता. पण मागितलं मीच.

न्हाव्याच्या दुकानात आता जार्विसला पळपुटा म्हणतात. मी खुर्चीत बसून ऐकलं आणि दाढी करून घरी आलो. एवढा भित्रा मी कधी झालो?

त्याला कसं सांगू? आई गेली, खेळ गेला, आता आजोबाही गेला असं होईल त्याचं. तू सांगा म्हणालीस तर सांगेन. नको म्हणालीस तर बरोबर मातीत नेईन.

तुझा लोभ अजून असेल, या आशेवर,
ओथा मॅब्री


प्रशिक्षण तळ,
गुरुवार, १७ ऑक्टोबर

ती. आजोबांस केझियाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उभ्यानेच वाचलं. सार्जंटबाई ओरडायला आली, माझं तोंड बघितलं आणि पाणी देऊन गेली.

मी फार रागावले. तुमच्यावर, त्या कोचवर आणि स्वतःवरही. नियम मला ठाऊक होता. तुम्हाला दोन ओळी लिहायला माझा हात मोडला नव्हता. तुमचा रक्तदाब, तुमचा रक्तदाब करत आम्ही तुम्हाला अंधारात ठेवलं, आणि तुम्ही अंधारातच पुढे गेलात.

जार्विस लिहितो, रोज डोळे मिटले की ती वीस पावलं दिसतात आणि मी स्वतःला शिव्या घालतो. डिसेंबरात त्याची शिष्यवृत्तीही थांबेल. तो आताच रात्रपाळीचं काम शोधतोय. हे सगळं तो एकट्याची चूक म्हणून वाहतोय, आजोबा.

मी त्याला सांगणार नाही. सुरू केलं ते संपवायचं, हे तुम्हीच शिकवलंत.

रागासकट तुमचीच,
केझिया


हॅडली क्रीक,
रविवार, २७ ऑक्टोबर

चि. जार्विस यास,
आशीर्वाद शेवटी लिहितो, आधी हे वाच.

कोचने तुला आपणहून बोलावलं नव्हतं. मी मागितलं होतं. त्या सकाळी, त्याच्या दाराशी, पाई हातात देऊन. नियम मला ठाऊक नव्हता, हे खरं. पण तू का खेळत नाहीस, एवढं विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मी विचारलं नाही. मी तुला माझ्या गुडघ्याच्या गोष्टी सांगत बसलो.

आज प्रार्थना संपल्यावर मी उभा राहिलो आणि त्या एक्केचाळीस जणांसमोर हेच सांगितलं. पळपुटा माझा नातू नाही, तेही. न्हाव्याने मान खाली घातली. सिस्टर ओडेसा रडायला लागली, पाई तिची होती म्हणून. बाहेर पडताना नेहमी हात मिळवतात, ते आज फारसं झालं नाही.

गुडघ्याची गोष्ट मी तुला कधी पुरी सांगितली नाही. शेवटच्या सामन्याआधीच तो सुजला होता. डॉक्टर नको म्हणत होता. पण माझा बाप गावातली माणसं घेऊन वर बसला होता, म्हणून मी उतरलो. त्याला हे कधी कळू दिलं नाही. दोष माझाच, असं म्हणत म्हातारा झालो. तू तसं करू नकोस.

टायरवाल्याचा फलक अजून आहे. मी आता चर्चला लांबच्या रस्त्याने जातो. तुझी खोली झाडून ठेवली आहे, यायचं की नाही ते तू बघ.

अनेक आशीर्वाद. या जागी मी नेहमी लोभ मागतो. आज मागत नाही. मी मागितलं की तू देतोस, ते मी पाहिलंय.

ओथा मॅब्री